संशयिताची वेलांटी

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी साडेचार.
ट्रेनिंग संपलं. दोन दिवस, सत्तावीस टिपा, चार कप चहा, तेही अर्धे. विषय : नीटनेटका वर्ग आणि डिजिटल अध्यापन. टिपा देणाऱ्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. सतत हसतमुख. इतकं हसणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, उठल्या. सत्तावीस तारखेला तपासणी अधिकारी येणार म्हणाल्या. ज्याचा वर्ग नीटनेटका आणि डिजिटल नसेल त्याला पुढच्या वर्षी वर्ग नाही. साहित्याची खोली. खडू, नकाशे आणि फुटके पृथ्वीगोल यांची राखण. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या.

तिसरी अ एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. कोणाचा तरी तिच्यावर डोळा आहे. असो. मीही काही दूधखुळा नाही.

टीप ९ : रोज दहा मिनिटं टॅबलेटवर काहीही लिहा, हात बसेल. म्हणून ही रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. टीप १० : रोज एक छोटा वाचनपाठ फाइलमध्ये टाका, ती पालकांना शेअर करा, मुलं घरी वाचतील. टीप ११ : मुलांनाही फाइलमध्ये लिहायची परवानगी द्या, सहभाग वाढतो.

दोन फाइली केल्या. एकीला 'गुप्त' असं नाव दिलं असतं तर जो तो आधी तीच उघडणार. म्हणून दोन्हींना साधी नावं. रोज १ आणि रोज २. रोज १ माझी, रोज २ मुलांची. पहिला पाठ 'पाण्याचे महत्त्व', लिहून तयार. लिंक पालकांच्या ग्रुपवर पाठवली. परवानगीही दिली. एका झटक्यात झालं. लोक उगाच बाऊ करतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
टीप १ : प्रत्येक वस्तूला घर हवं. बुटांची रिकामी खोकी आणली, चिठ्ठ्या चिकटवल्या. टोकदार पेन्सिली. बोथट पेन्सिली. खोडरबर. मालक नसलेल्या वस्तू. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं की अर्धवट बोथट पेन्सिल कुठे ठेवायची. हिचं प्रत्येक वाक्य 'पण सर'ने सुरू होतं, म्हणून मनातल्या मनात मी तिला पण-सरच म्हणतो. तिला सांगितलं, विचार करून सांगतो.

मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वस्तू 'मालक नसलेल्या'त. एक डबा, दोन मोजे, एक दात. दात कोणाचा हे कोणी कबूल करत नाही. सगळ्यांचीच तोंडं उघडून बघितली. अकरा जणांचे दात पडलेले. पुरावा निरुपयोगी.

संशयीतांची यादी करून ठेवतो. पुढेमागे उपयोगी पडेल.
१. शेजारच्या तिसरी ब च्या बाई. नाव रंगपेटी. वर्गात भिंत दिसत नाही, नुसता रंग दिसतो. दिवसातून तीनदा माझ्या दारात डोकावते, कारण सांगते खडू.
२. शिपाईकाका. माझी डस्टरं वर्षाला चार ह्या दराने गायब होतात. काकांच्या सायकलची सीट हल्ली फार मऊ दिसते.
३. मोठ्या बाई. मऊ तळव्यांच्या चपला घालून वर्गाबाहेर उभ्या राहतात. आवाज नसलेली चप्पल प्रामाणिक माणसाला लागते कशाला?
४. घरची. चहात दोन चमचे साखर सांगतो, एकच पडते. विचारलं तर दोनच आहे म्हणते.
५. खिडकी. शेवटच्या बाकावरची मुलगी. वर्षभर बाहेर बघत बसली आहे, मोठ्याने एक ओळ वाचून दाखवलेली नाही. येत असणार. लबाड आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पालकांच्या ग्रुपवर अठरा अंगठे. एका आईने लिहिलंय की पाठ वाचून घरात सगळे पोट धरून हसले. 'पाण्याचे महत्त्व' वाचून? असेल. 'नळ ठिबकू देऊ नये' हे वाक्य मी जरा खुसखुशीत केलं होतं खरं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी.
टॅबलेटमध्ये काहीतरी शिरलंय. परवा लिहिलेला 'संशयीत' हा शब्द आज 'संशयित' असा दिसतोय. पहिली वेलांटी! मी दुसरी दिली होती. मला पक्कं आठवतंय, कारण मी आयुष्यभर दुसरीच देत आलो आहे. परत दुसरी करून ठेवली.

दुपारी.
परत पहिली. हा यंत्राचा आगाऊपणा. एक साधं यंत्र मला ऱ्हस्व-दीर्घ शिकवणार! परत दुसरी केली आणि फाइल बंद करून टॅबलेट कपाटात उलटा ठेवला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
विचित्र. मोठ्या बाई आज टकटक वाजणाऱ्या बुटांत. जिन्यापासून ऐकू येत होत्या. दारात येऊन मुद्दाम दोनदा पाय आपटले आणि हसून गेल्या. काहीतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी चहात तीन चमचे साखर. ही समोर उभी राहून म्हणाली की नीट मोजून घ्या. चहा पिववेना इतका गोड. ह्या बाईच्या मनात काय आहे? खालच्या मजल्यावरची मावशी आज दुपारी तासभर वर येऊन बसली होती म्हणे. तिचा नातू माझ्या वर्गात आहे. बायका जमल्या की माझ्याविषयी बोलतात, हा माझा जुना अंदाज आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी
टीप १४ : आवाज वाढवू नका, मोठ्या पडद्यावर टायमर लावा, मुलं आपोआप शांत होतील. लावला. तीस सेकंद. मुलांनी दहापासून उलटी मोजणी सुरू केली. मोठ्याने. शून्याला सगळा वर्ग उडाला. बाजूच्या वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. रंगपेटी दारात. खडू हवा होता म्हणे. हातात खडू होता.

टीप चांगली आहे, फक्त माझ्या वर्गाला लागू नाही. आमचा वर्ग वरच्या पातळीचा पडतो.

शिपाईकाका आले आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेले. 'डस्टर : दिलेली चार, फुटलेली दोन, एक तुमच्या कोटाच्या खिशात, एक कपाटावर.' खाली सही. खिसा बघितला. होतं. पण मुद्दा तो नाही. मी डस्टरचा विषय काकांकडे काढलाच नव्हता, मग त्यांना कळलं कसं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जाताना काका दारात रेंगाळले. हळूच विचारलं की सायकलच्या सीटचं पुढे काही येणार आहे का. मी म्हटलं, कसलं पुढे? ते लाजले आणि गेले. साठीला आलेला माणूस लाजतो म्हणजे नक्कीच भानगड आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ग्रुपवर पालकांचे निरोप वाढतच चाललेत. एक बाबा लिहितात, 'सर, पाठ फार रंगतोय. पुढे काय होतं?' कालचा पाठ 'आपले दात व त्यांची निगा'. पुढे काय होणार? पडतात. तसंच कळवलं. त्यांनी हसण्याची सहा चित्रं पाठवली.

दुसरी एक आई लिहिते की लेक शाळेतून आल्या आल्या विचारते, आज माझं नाव आलं का. हजेरीबद्दल असणार. त्यांना कळवलं की हजेरी नियमित घेतली जाते.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला लिहिता येतं. एवढी वर्षं मी नुसता फळ्यावर वाया गेलो. सत्तावीस तारखेला अधिकाऱ्यांना वाचनपाठच दाखवायचे. हुकमाचा एक्का.

हिला हे सांगितलं.  ही म्हणाली की अहो, जरा बघून लिहीत जा. चष्म्याबद्दल बोलत होती. माझी नजर उत्तम आहे. टॅबलेटची अक्षरं बारीक आहेत, ही टॅबलेटची चूक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आज फाइल उघडली तर अक्षरं मोठी. भाकरीएवढी. मी काहीही केलेलं नाही. यंत्र ऐकतंय. आता मी टॅबलेटसमोर तोंडाने काहीही बोलणार नाही, फक्त लिहीन. ते सुरक्षित.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
टीप १९ : डिजिटल हजेरी. प्रत्येक मुलाचं काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाचं कार्ड. आल्या आल्या टॅबलेटला दाखवायचं, हजेरी लागते. एक सेकंदाचं काम. दोन संध्याकाळी घालवून कार्डं कापली, प्रत्येकाच्या गळ्यात दोरी.

पटावर मुलं एकतीस. टॅबलेट म्हणतो अडतीस. कार्डांची अदलाबदल झाली. खेळ झाला. एक मुलगा तापाने घरी आहे, तो तीनदा हजर. एकदा चुकून पाण्याच्या बाटलीवरचा चौकोन दाखवला गेला, तीही हजर. शेवटी नेहमीसारखी नावं पुकारली. बाटलीने 'हजर' म्हटलं नाही, एवढीच शिस्त उरली आहे.

पण-सरने विचारलं की मग तापवाल्याला बरं वाटल्यावर तीन दिवस सुट्टी मिळेल का. विचार करून सांगतो म्हटलं. ह्या मुलीला सांगायच्या उत्तरांची थकबाकी वाढत चालली आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी
रंगपेटी आज शिपाईकाकांना जिन्यात म्हणाली की 'चला, रंगपेटी निघाली वर्गावर.' मी मागेच होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

हे नाव मी ठेवलंय. मनात ठेवलंय. तोंडाने कधी उच्चारलेलं नाही, हिच्यापाशीसुद्धा नाही. फक्त इथे लिहिलंय. झोपेत बोलतो की काय? पण झोपेत बोलतो असं धरलं तरी रंगपेटी ऐकणार कुठून! भिंतीलाही कान असतात हे खरं, पण इतके?

मंगळवार, १८ फेब्रुवारी
वर्ग तपासला. टेबलाखाली हात घातला : च्युइंग गम, वाळलेला. फळ्यामागे : पाल, जिवंत. नकाशामागे : गेल्या वर्षीच्या कोणाची तरी नापास चाचणी, घडी घालून. माइक कुठेही नाही. म्हणजे फारच चांगला लपवलाय.

बुधवार, १९ फेब्रुवारी. दुपारी पावणेपाच. शिवजयंतीचा कार्यक्रम आटोपून वर्गात एकटाच.
आज संशय नाही. आज नुसतं वाईट वाटतंय.

कारण छोटंसं. साहित्याच्या खोलीची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर दिसली. तिला नवी चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठी कोरी होती, माझं नाव मावेल एवढी.

मुलं दुसरीतून येतात तेव्हा अक्षराला अक्षर लावत वाचतात. चौथीत जातात तेव्हा घडाघडा वाचतात. मधे मी असतो. एवढंच माझं काम आणि तेवढंच मला येतं. खोकी, टायमर, ठिपक्यांचे चौकोन मला येत नाहीत. पुढेही येतील असं वाटत नाही.

आणि खरं सांगायचं तर माझं कामही आता मला पुरतं येत नाही. खिडकी. वर्ष संपत आलं, तिच्या तोंडून एक ओळ बाहेर आली नाही. मी तिला संशयीतांच्या यादीत टाकून दिलं, कारण ती लबाड आहे असं मानणं सोपं होतं. ती लबाड नाही. तिला भीती वाटते. मलाही वाटते. दोघांनी मिळून वर्षभर बाहेर बघत दिवस काढले.

हे कोणाला सांगता येत नाही. बरं झालं ही फाइल आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी
आज सगळे माझ्याशी फार चांगले वागले. भयंकर दिवस.

टेबलाचा डुगडुगणारा पाय कोणीतरी सरळ केलाय. काकांनी न सांगता चहा आणला, पूर्ण कप. मोठ्या बाईंनी वर्गात येऊन विचारलं की तुम्हाला काही लागलं तर सांगाल ना. रंगपेटीने रंगीत ट्रेंचा एक सेट माझ्या टेबलावर ठेवला, सोबत अर्धवट बोथट पेन्सिलींचाही एक. माझ्याकडे जास्तीचे होते म्हणाली आणि पहिल्यांदाच खडू न मागता गेली. घरी आलो तर ही दार उघडून उभी.  जेवताना नुसती पाठीवरून हात फिरवून गेली.

बकऱ्याला कापण्याआधी चारा घालतात. निरोपसमारंभाची तयारी चालू आहे, दुसरं काही नाही. नारळ देणार.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी सव्वासात.
बास. आता सापळा. उद्या मी पिवळा शर्ट घालून शाळेत जाणार. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. बघू या कुठून फुटतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
वर्गात सतरा पिवळे रुमाल. चार पिवळ्या रिबिनी. काकांच्या सायकलला पिवळा कपडा. रंगपेटी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, मोठ्या बाईंच्या कानात पिवळे खडे.

 शांतपणे विचार केला. शर्ट पाहिला कोणी? मी. हिने नाही, ती झोपली होती. उरला एकच. शर्ट इस्त्रीला दिला होता तो लाँड्रीवाला. संशयीत क्रमांक सहा. सापडला! किती दिवस समोर असून लक्षात आलं नाही. कपड्यांच्या खिशात तो काय काय वाचत असेल देव जाणे. उद्यापासून इस्त्री घरी.

संशयीतला परत पहिली वेलांटी झालेली आहे. सोळाव्यांदा. मी सतराव्यांदा दुसरी दिली. बघू कोण दमतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी
उद्याची तयारी पूर्ण. क्रम : डिजिटल हजेरी, टायमर, ट्रे, आणि शेवटी मोठ्या पडद्यावर वाचनपाठ. पाठ ठरलाय, 'पाण्याचे महत्त्व'. मुलांना विचारलं की रोजचा पाठ घरी वाचता ना. सगळे एका सुरात हो म्हणाले. खिडकीनेसुद्धा मान हलवली. इतका उत्साह पाण्याविषयी मी कधी पाहिला नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सकाळी सात.
अधिकारी साडेअकराला. ऐकलंय की हे गृहस्थ स्वतः वर्गावर दोन वर्षंसुद्धा टिकले नाहीत म्हणून तपासणीवर गेले. ज्याला पोहता येत नाही तो काठावर उभा राहून शिट्टी वाजवतो. पेन कानामागे खोचणाऱ्यांतले असणार. प्रश्न विचारणार आणि उत्तर येण्याआधी घड्याळ बघणार. वाचता येत असेल तर माझे पाठ वाचून गार होतील.

आज कोणतीही चूक होणार नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी तीन.
क्रमाने लिहितो. 

अधिकारी आले. पेन कानामागे. डिजिटल हजेरीत तेही हजर लागले, त्यांच्या ओळखपत्रावर चौकोन होता. टायमर लावला, मुलं उडाली. ट्रे दाखवताना रंगीत ट्रेमधून दात निघाला. अधिकाऱ्यांनी तो हातात घेऊन हा कोणत्या विषयाला वापरता असं विचारलं. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या.

मग मी हुकमाचा एक्का काढला. मुलं रोज घरी जे वाचतात ते आता वाचून दाखवतील म्हणालो. पण-सर उठली, टॅबलेटवर बोट ठेवलं आणि पडदा भरला. वर तारीख होती. मला वाटलं, तारीख बरोबर आहे. वाचनपाठावर मी तारीख टाकत नाही हे नंतर सुचलं.

सगळा वर्ग एकदम वाचायला लागला. 'अधिकारी साडेअकराला.' थांबायच्या जागी थांबत, प्रश्नाला आवाज वर नेत, जोडाक्षरं न चुकता. 'ज्याला पोहता येत नाही तो काठावर उभा राहून शिट्टी वाजवतो.' मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. ओळी माझ्या शर्टावर आल्या आणि मुलांनी त्या शर्टावरून वाचल्या. 'पेन कानामागे खोचणाऱ्यांतले' इथे अधिकाऱ्यांनी पेन हळूच काढून खिशात घातलं.

शेवटपर्यंत वाचलं.  अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघायला मनगट उचललं आणि तसंच खाली घेतलं. विचारलं की हे कोणी लिहिलंय. पण-सर म्हणाली की पण सर, आमच्या सरांनीच, रोज लिहितात, ते संशयी सरांचं सोंग फार छान करतात. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दारात रंगपेटी होती, तिने डोळे मिटून घेतले होते.

अधिकारी म्हणाले की दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या दिवसाचं वाचावं, आवडेल ते. शेवटच्या बाकावरून खिडकी उठली.

तिने एकोणीस तारीख काढली.

'आज संशय नाही. आज नुसतं वाईट वाटतंय.' आवाज इतका बारीक की टायमरची टिकटिक मोठी वाटत होती. कोणीतरी तो बंद केला. ती एकेक ओळ वाचत गेली. किल्ली वाचली, कोरी चिठ्ठी वाचली. 'खिडकी'पाशी थांबली. सगळ्या वर्गाला माहीत होतं खिडकी कोण. एकही मूल हसलं नाही. मग तिने तो शब्द वाचला, आणि पुढचंही वाचलं. 'तिला भीती वाटते. मलाही वाटते.' वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून विचारलं की सर, बरोबर वाचलं का.

बरोबर होतं. एकही चूक नव्हती. मी कपाटातली डस्टरं मोजायला लागलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. दुपारी चार.
सगळं नीट समजून घेतलं. शेअर केलेली फाइल रोज १ होती. पहिल्या दिवसापासून. एकतीस घरांत रोज संध्याकाळी मोठ्याने वाचली जात होती, आणि पालकांकडून लिंक शाळेतही सगळ्यांना पोचली होती. रोज २ मी आज उघडून बघितली. 'पाण्याचे महत्त्व' जसंच्या तसं आहे, माझ्याशिवाय त्याला कोणी हात लावलेला नाही. अक्षरं मोठी केली पण-सरने, सरांना दिसत नाही म्हणून. वेलांटीही तिचीच. सोळा वेळा. शब्दकोश आणला होता, दाखवला. पहिलीच आहे.

सगळ्यांना वाटत होतं की संशयी सर हे एक पात्र आहे, मी गमतीने रचलेलं. काका आपला भाग आला की घरी मोठ्याने वाचून घ्यायचे. मोठ्या बाई म्हणाल्या की गंमत वाटली, पण बूट बदललेले बरे म्हणून बदलले. रंगपेटीला, म्हणजे शेजारच्या बाईंना, एकोणीस तारखेपर्यंत गोष्टच वाटत होती. त्यानंतर नाही वाटली. हिला मात्र पहिल्या ओळीपासून माहीत होतं की हे पात्र नाही. सांगितलं का नाहीस असं विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, बघून लिहीत जा. आणि म्हणाली की पंचवीस वर्षांत तुमच्या मनात काय चाललंय हे पहिल्यांदाच रोजच्या रोज कळत होतं, तेवढं तरी बंद कशाला करू.

लाँड्रीवाल्याची माफी मागितली. त्याला कशाबद्दल ते कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

अधिकाऱ्यांचा शेरा आला. वाचन : उत्कृष्ट, इतर शाळांना दाखवण्याजोगे. वर्गाची मांडणी : सुधारणेस भरपूर वाव. शिक्षकांचे शुद्धलेखन : लक्ष द्यावे. तिसरी अ माझ्याकडेच राहणार. साहित्याच्या खोलीच्या किल्लीला चिठ्ठी होती ती किल्ली हरवते म्हणून. अट एकच, रोजचा पाठ चालू ठेवायचा, नव्या फाइलमध्ये, आणि तो आधी शेजारच्या बाईंना दाखवून मगच पाठवायचा. मान्य केलं. उद्याचा पाठ तयारही आहे : 'आमचे शिपाईकाका, एक सज्जन गृहस्थ'.

ही फाइल आता बंद. शेअरिंग काढून टाकलं. स्वतः. खात्री केली, तीनदा. आता इथे फक्त मी.

तर आता कोणी नाही म्हणून लिहितो. काल डस्टरं मोजत नव्हतो. ती पोरगी वाचत होती आणि मी गहीवरून आलो होतो, म्हणून कपाटाकडे तोंड केलं. एकोणीस वर्षांत असं वाचन ऐकलं नाही. पिवळ्या दिवशीही मला आतून बरं वाटलं होतं, रागावलो ते दाखवायला. बाईंचे ट्रे चांगले आहेत. हे त्यांना कळता कामा नये. चहाला खरं तर एकच चमचा साखर पुरते. हे तर हिला मुळीच कळता कामा नये.

सर, गहिवरून, पहिली वेलांटी.
पण सर, अजून दिसतंय.